तांब्याचा ठोकळा

तुम्हीच सांगा, तळहाताएवढा तांब्याचा एक ठोकळा निवडायला माणसाला किती दिवस लागावेत?

सुधीर हुपरीकरांना अकरा महिने लागले होते. आणि तरीही तो निवडून झाला नव्हता.

हुपरीकर म्हणजे काही गोंधळलेला माणूस नव्हे. साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. वाफेच्या नुसत्या आवाजावरून कुठली नळी गळते ते सांगायचे. उष्णता कुठून येते, कुठं जाते, वाटेत कुठं अडते, हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असं लोक म्हणायचे. त्यांना स्वतःलाही ते मान्य होतं.

तर एका सकाळी ते मिरजेतल्या एका लहानशा दर्ग्याच्या आवारात येऊन उभे राहिले. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पितळेचं पातेलं.

समोर चिंचेखाली लतीफचाचा बसले होते.

चाचा कल्हईवाले. वय ऐंशीच्या घरात. घरोघरी स्टील आलं तशी कामं आटली, पण माणसं यायची थांबली नाहीत. कुणी भांडं घेऊन यायचं, कुणी नुसताच प्रश्न घेऊन. चाचा दोन्ही एकाच ओट्यावर ठेवून घ्यायचे.

“नंबर आहे हं साहेब,” ओट्यावर बसलेल्या शेवंताबाई म्हणाल्या. त्यांची स्टँडजवळ खानावळ. तीन मोठी पातेली पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. “तुमचं एकच दिसतंय म्हणून मध्ये घुसू नका.”

“माझं काम पातेल्याचं नाही. घरून दिलं म्हणून आणलं.”

“मग कशाचं?”

“चाचांना विचारायचंय. तांब्याबद्दल.”

चाचांनी भात्यावरचा हात काढला. “बसा.”

हुपरीकर बसले. पातेलं बाजूला ठेवलं, त्यात डोकावलेही नाहीत. पिशवीतून एकेक वस्तू काढून त्यांनी ओट्यावर मांडली. पंख्याचं एक जड काळं यंत्र. फडक्यात गुंडाळलेले दोन ठोकळे. आणि एक जाड वही.

“हे संगणकातलं ग्राफिक्स कार्ड,” ते म्हणाले. “पडद्यावरची चित्रं हे तयार करतं. काम फार झालं की तापतं, आणि तापलं की बंद पडतं. ह्याला पंखा पुरत नाही. तो काढून आतल्या चिपवर असा तांब्याचा ठोकळा बसवायचा. ठोकळ्यात केसासारख्या खाचा आहेत. त्यांतून पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन जातं.”

“बंबासारखं,” शेवंताबाई म्हणाल्या.

“बंबाच्या उलट,” हुपरीकर म्हणाले.

त्यांनी फडकी सोडली. एक ठोकळा लालसर, उघड्या तांब्याचा. दुसरा रुपेरी.

“ह्याच्यावर निकेलचा मुलामा आहे. उघडं तांबं कालांतरानं काळं पडतं. मुलाम्याचं तसं होत नाही, पण तो सुटला तर कपच्या खाचांत जाऊन बसतात. मी त्रेचाळीस प्रकार तपासले. ह्या कार्डाच्या मापाचे सहा निघाले. सहाचे दोन केले. आता तुम्ही जन्मभर एका धातूवर दुसरा धातू चढवत आलात… सांगा, कुठला टिकेल?”

चाचांनी ठोकळ्यांना हात लावला नाही.

“किती दिवस बघताय?”

“अकरा महिने.”

“अगो बाई,” शेवंताबाई म्हणाल्या. “अकरा महिन्यांत माणूस सून बघतो, घरी आणतो, नि भांडून माहेरी पण पाठवतो.”

हुपरीकर वहीचा कोपरा नखानं सरळ करत राहिले.

शेवंताबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच आपली पातेली जवळ ओढली. “मी जरा चहा बघून येते,” म्हणाल्या आणि उठून गेल्या.

चाचांनी कार्डाकडे बोट केलं.

“यंत्र कुणाचं?”

“मुलाचं.”

“त्याला कुठला पसंत आहे?”

“तो…” हुपरीकर म्हणाले. “तो नाही आता.”

चिंचेवर कावळा ओरडत होता, तो उडून गेला.

कौस्तुभ चोवीस वर्षांचा होता. बोलका नव्हता. संगणकावर हलती चित्रं करायचा, दिवसदिवस खोलीत. आईसाठी त्यानं एक तीन मिनिटांची चित्रफीत करायला घेतली होती. तिच्या आजोळची विहीर, विहिरीची पायरी, पायरीवर पाय सोडून बसलेली परकरातली मुलगी. आईनं, शैलाताईंनी, त्याच्या लहानपणी सांगितलेलं त्यानं सगळं लक्षात ठेवलं होतं. विहिरीत उतरलेलं आभाळ सुद्धा.

पण विहिरीचं पाणी हलायला लागलं की कार्ड तापायचं आणि संगणक बंद पडायचा. शेवटची वीस सेकंदं राहिली होती, ती राहिलीच.

एका संध्याकाळी तो बाहेर आला होता. म्हणाला, “बाबा, पाण्याचा ठोकळा घ्यावा लागेल. कुठला घेऊ?”

हुपरीकर पेपर वाचत होते. म्हणाले, “आधी सगळ्यांचा तक्ता करून आण. मग बोलू. उगाच डोळे मिटून काही घ्यायचं नसतं.”

तो “बरं” म्हणाला आणि आत गेला.

तक्ता त्यानं केला नाही. पुढच्याच महिन्यात त्याला ताप भरला. नऊ दिवस ताप उतरला नाही. एकतीस वर्षं उष्णतेशी खेळलेला माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून पोराच्या कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत राहिला… दहाव्या दिवशी त्या बदलायचं कारण उरलं नाही.

तेराव्यानंतर हुपरीकरांनी एक कोरी वही आणली, आणि तक्ता करायला घेतला.

ह्यातलं चाचांना त्यांनी फार थोडं सांगितलं. चार वाक्यं असतील. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे आणि त्याच्या आत ती चित्रफीत बघावी अशी घरात इच्छा आहे, एवढं मात्र सांगितलं.

“त्याची आई रोज विचारते. झालं का, म्हणून. मी म्हणतो, होतंय.”

“दुसऱ्या यंत्रावर होत नाही का हे?”

“होतं. त्याचा मित्र म्हणाला होता, काका, माझ्याकडे द्या, तासाभराचं काम आहे.”

“मग?”

“नको म्हणालो. त्याचं आहे, त्याच्याच यंत्रावर व्हायला हवं.”

“बरोबर आहे,” चाचा म्हणाले. मग त्यांनी कार्ड उचललं. ठोकळे नाही, वही नाही, कार्ड. पालथं करून डोळ्यांजवळ नेलं. पाठीवर चार बारीक स्क्रू होते. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“हे दोनदा उघडलंय.”

“तो उघडायचा. त्याला खोड होती.”

“एकदा त्यानं उघडलं. हे ओरखडे घाईचे आहेत, पोरासोराचे. पण ह्या स्क्रूवर दुसरा हात दिसतो. जपून लावलेला. मोठ्या कारागिराचा हात आहे तो.”

हुपरीकरांचा चेहरा आक्रसला.

“चाचा, मी तुम्हाला तांबं विचारलं. स्क्रू नाही.”

“हां. तांबंच सांगतो.”

“उष्णता कशी वाहते हे मला शिकवू नका. मी दोन धातूंतला एक विचारतोय. ठाऊक नसेल तर तसं सांगा, मी उठतो.”

“उठा की,” चाचा शांतपणे म्हणाले. “पण पातेलं करून न्या. घरातून दिलंय, तसंच परत नेलंत तर बाई काय म्हणेल.”

हुपरीकर उठले नाहीत.

चाचांनी पातेलं ओढून घेतलं. लहानसंच होतं, दोन शेर दूध मावेल असं. त्यांनी ते उन्हाकडे तिरपं धरलं आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“साहेब, हे बघा.”

“काय?”

“बघा तर.”

हुपरीकर वाकले.

आतली कल्हई विटून गेली होती. बुडाशी पितळेचा पिवळा रंग वर आला होता. आणि त्या बुडावर, एकाच बाजूला, चंद्रकोरीसारखे ओरखडे होते. एकावर एक, शेकड्यांनी. सगळे एकाच दिशेनं वळलेले.

“चमच्याचे आहेत,” चाचा म्हणाले. “स्टीलच्या. रोज कुणीतरी दुधाची खरवड काढून खाल्लीय ह्यात. डाव्या हातानं.”

हुपरीकरांनी पातेल्याची कड धरली.

कौस्तुभ डावरा होता.

दूध तापवून ओतलं की तो स्वयंपाकघरात हजर. ओट्याला टेकून, पातेलं पोटाशी धरून, चमच्यानं बूड खरवडत उभा राहायचा. तो आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. हुपरीकर पेपरामागून ओरडायचे, अरे, कल्हई जाईल त्याची, लाकडी चमचा घे. तो तेवढ्यापुरता थांबायचा. पान उलटलं की परत सुरू.

“घासायला घेऊ?” चाचांनी विचारलं.

“नको.”

“का?”

“नको म्हणतो ना. हे… हे राहू द्या असंच. मी तिला दुसरं पातेलं आणून देईन.”

“तुम्ही न विचारता उचलून आणलंत का हे?”

“नाही. तिनंच दिलं. निघताना हातात दिलं.”

“मग तिला ठाऊक नसेल आत काय आहे ते. नजर अधू असेल.”

“तिला सगळं दिसतं,” हुपरीकर म्हणाले.

म्हणाले, आणि तिथंच थांबले.

भट्टीतला कोळसा तडतडला. पातेलं दोघांच्या मध्ये होतं आणि दोघांचेही हात त्याच्या कडेवर होते.

“चाचा…”

“हां.”

“ते दुसऱ्यांदा मी उघडलं होतं.”

“हां.”

“तेराव्यानंतर. म्हटलं, माप घ्यावं. चिप आणि तांबं ह्यांच्यात एक राखाडी पेस्ट लावतात, फट राहू नये म्हणून. थेंबभर पुरते. वरचं तांबं दाबलं की आपोआप पसरते. ह्यानं ती बोटानं फासली होती. भाकरीवर लोणी फासावं तशी, चिपच्या बाहेरपर्यंत.” त्यांचा आवाज खाली आला. “मी तक्ता मागितला होता ना. त्यापेक्षा त्यानं आपल्या परीनं करून बघितलं. इतकी जाड लावली की उलट कार्ड जास्तच तापायला लागलं. मला एका नजरेत कळलं ते.”

“आणि?”

“चिपच्या कडेला, जिथं वरचं तांबं टेकत नाही, तिथं पेस्ट तशीच वाळलीय. त्यात त्याचा अंगठा आहे.”

“अंगठा?”

“पूर्ण अंगठा, चाचा. रेघ अन् रेघ. त्याला लहानपणी सुरीनं कापलं होतं, तो वण सुद्धा उठलाय.”

चाचांनी कार्डाकडे पाहिलं नाही. हुपरीकरांकडेही पाहिलं नाही. ते कोळशाकडे पाहत होते.

“तिला दाखवलंत?”

“नाही. झाकून टाकलं. स्क्रू लावले आणि वही आणली.”

“ह्या दोन ठोकळ्यांतला लाल बसवायचा, तर आधी काय करायचं?”

“ती पेस्ट पुसायची. स्पिरिटनं. कणभर राहता कामा नये.”

“आणि रुपेरी बसवायचा तर?”

अकरा महिन्यांच्या वहीवर हुपरीकरांचा हात पालथा पडला होता.

चाचा उठले. कोपऱ्यातून त्यांनी काथ्याचा एक चोथा आणला, ओंजळभर ओली वाळू आणली. दोन्ही पातेल्यात टाकलं. आणि पातेलं हुपरीकरांच्या मांडीवर ठेवलं.

“हे तुमचं काम नाही का?” हुपरीकरांनी विचारलं.

“कल्हई माझं काम. हे तुमचं.”

“मला जमणार नाही.”

“मी थांबतो.”

…

चाचा खरंच थांबले. भाता बंद करून, गुडघ्यांना मिठी घालून बसले. ऊन चिंचेच्या बुंध्यावरून ओट्यावर आलं. शेवंताबाई चहाचे तीन कप घेऊन परत आल्या, समोरचं पाहिलं, आणि कप खाली ठेवून आपल्या जागी बसल्या. चहावर साय धरली.

मग हुपरीकरांनी चोथा हातात घेतला.

पहिल्यांदा त्यांनी बुडाला हात लावलाच नाही. कडेकडेनं घासत राहिले. कारखान्यात शंभर माणसांना कामाला लावणारा माणूस, इस्त्रीच्या विजारीवर वाळू सांडत, एका लहानशा पातेल्याच्या कडा घासत होता. कडा झाल्या. मग बाजू झाल्या. मग नुसतं बूड उरलं.

त्यांनी एकदा त्या चंद्रकोरींवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळ्यांवरून.

आणि घासायला लागले.

वाळूचा पितळेवर आवाज होत होता. खर्र, खर्र… चमच्याचा व्हायचा तसाच. कदाचित म्हणूनच ते थांबू शकले नाहीत. रडत होते, पण हात थांबला नाही. शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसरीकडे पाहिलं.

बूड सोन्यासारखं पिवळं निघाल्यावर चाचांनी पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं. धुतलं. भट्टीवर धरलं, भाता चालवला. पातेलं तापल्यावर नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर झाला. कथलाची कांडी बुडाला लावली. ती पाण्यासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्यानं त्यांनी ती एका फिरकीत सगळीकडे फिरवली. पाहता पाहता पातेलं आतून चांदीचं झालं.

पाण्यात बुडवून गार केलं आणि हुपरीकरांच्या हातात दिलं.

हुपरीकरांनी आत पाहिलं. आत त्यांचाच चेहरा होता, अंधुक, पसरट. दुसरं काही नव्हतं.

“आता ह्यात त्याचं काहीच राहिलं नाही,” ते म्हणाले.

चाचांनी ओट्यावरचे दोन्ही ठोकळे फडक्यांत गुंडाळले. कार्ड पिशवीत ठेवलं. मग आपल्या गाठोड्यातून स्वच्छ कापसाचा एक बोळा काढला आणि न विचारता तोही पिशवीत टाकला.

हुपरीकर उठले. दोन पावलं गेले आणि वळले.

“चाचा, ठोकळा कुठला ते तुम्ही सांगितलं नाहीत.”

लतीफचाचांनी शेवंताबाईंचं पहिलं पातेलं पुढं ओढलं. मान वर न करता म्हणाले,

“घरी गेलात की ह्यात दूध तापवा. आणि थोडं लागू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात दूध लागलं. शैलाताई आणि हुपरीकर, दोघांनी एकाच चमच्यानं खरवड खाल्ली. मग हुपरीकरांनी कार्ड उघडलं, तो अंगठा एकदा शैलाताईंना दाखवला, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तो पुसला, आणि दोनांतला एक ठोकळा वर बसवला. कुठला, ते त्यांनी वहीत लिहिलं नाही.